तुरुंगातली माणसं, एकटी पडलेली माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तुरुंगभेटीचा विषय निघाला की आधी सगळे गप्प होतात. प्रश्न येतात ते नंतर, उपासना संपल्यावर, दाराशी, हळू आवाजात. गेली बरीच वर्षं मी तुरुंगात आणि एकट्याने राहणाऱ्या माणसांकडे जातो आहे, म्हणून ते माझ्याकडे येतात. ज्या क्रमाने आठवले त्या क्रमाने इथे लिहिले आहेत.

तुरुंगभेट हे समाजसेवकांचं काम. विश्वासाशी त्याचा काय संबंध?

संबंध थेट आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू शेवटच्या न्यायाबद्दल बोलतो. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याचा समाचार आणि सहावं म्हणजे तुरुंगातल्याकडे जाणं. सावकाश वाचलं की एक गोष्ट ध्यानात येते. भुकेल्याची भूक भागते, उघड्याला कपडा मिळतो, पण तुरुंगातल्याची सुटका होत नाही. तुम्ही माझ्याकडे आलात, एवढंच तो म्हणतो. नुसतं येणं त्याने मोजलं.

पवित्र शास्त्रात तुरुंग पाहिलेली माणसं किती आहेत बघा. योसेफ, यिर्मया, बाप्तिस्मा करणारा योहान, पेत्र, पौल, सीला. इफिसकरांस, फिलिप्पैकरांस, कलस्सैकरांस आणि फिलेमोनाला लिहिलेली पत्रं बंदिवासातूनच आली. येशू स्वतः अटकेत रात्र काढून, दोन अपराध्यांच्या मध्ये मेला. या सगळ्यांमधून एक मागणं पुन्हा पुन्हा कानावर येतं. योसेफ सोबतच्या कैद्याला, मिसरचा राजा फारो याला मद्य देणाऱ्या प्यालेबरदाराला, सांगतो, तुझं बरं झालं की माझी आठवण ठेव. वधस्तंभावरचा अपराधी येशूला म्हणतो, माझी आठवण कर. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात मंडळीला सांगितलं आहे की बंदिवानांची आठवण ठेवा, जणू आपणही त्यांच्यासोबत आत आहोत.

प्यालेबरदार काही वाईट माणूस नव्हता. तो विसरला, आणि योसेफाला आणखी दोन वर्षं आत काढावी लागली. माझ्या ओळखीतले बहुतेक चांगले लोक त्या प्यालेबरदारासारखेच आहेत. मीही त्यातलाच.

गुन्हेगाराला भेटायला जाता, मग ज्याचं वाटोळं झालं त्याच्या घरी कोण जातं?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग रास्त असतो. माझं उत्तर असं की आधी तिथे जा. ज्या मंडळीला तुरुंगाचा रस्ता ठाऊक आहे पण गुन्ह्यात होरपळलेल्या घराचा नाही, तिचं काहीतरी चुकतं आहे.

तिथे गेल्यावर मात्र 'आता क्षमा करा' असं म्हणू नका. क्षमा करणं हा त्या घराचा हक्क आहे आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागेल. कोर्टाच्या तारखेला सोबत जा, घरातल्या आजीला दवाखान्यात न्या, वर्षश्राद्धासारखा तो दिवस पुन्हा उजाडेल तेव्हा फोन करा. त्या तारखेला घरातल्यांना झोप नसते, पण बाहेरच्या कुणाच्या ती लक्षातही नसते.

दया केली म्हणून गुन्हा पुसला जात नाही. मे १९८१ मध्ये मेहमेत अली आग्जाने पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. २७ डिसेंबर १९८३ ला पोप रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात त्याच्या कोठडीत गेले. दोघे खुर्च्या जवळ घेऊन बसले आणि हळू आवाजात बोलले. भेट संपली, पोप बाहेर आले आणि आग्जा आतच राहिला. इटलीने त्याला माफी दिली ती थेट २००० साली. क्षमा झाली होती आणि शिक्षाही चालू होती, दोन्ही एकाच वेळी. आणि तिथे क्षमा करणारा माणूस ज्याला गोळ्या लागल्या तोच होता. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी जाऊन ती वाटून टाकली नव्हती.

एक आणखी. 'देवाने मला क्षमा केली, आता मोकळा झालो' असं कुणी फार लवकर म्हणायला लागलं की मी जरा अस्वस्थ होतो. जक्कया या जकातदाराने लोकांकडून लुबाडून घेतलेलं चौपट परत द्यायची तयारी दाखवली होती. आतल्या माणसाशी ओळख घट्ट झाल्यावर, ज्याचं बिघडवलं त्याचं काय करता येईल, हा विषय काढायला हरकत नाही. पहिल्या भेटीत नको.

निर्दोष माणसालाच भेटायला जावं का?

येशूच्या त्या वाक्यात 'निर्दोष असताना' हे शब्द नाहीत. आत असलेल्या कितीतरी जणांचा खटलाच अजून चाललेला नसतो. त्यांना दोषी किंवा निर्दोष ठरवणं न्यायाधीशाचं काम, आपण पाहुणे.

पहिल्यांदा जाताना काय तयारी ठेवू?

वाट बघायची. ओळखपत्र, नोंदवही, शिक्का, झडती, पुन्हा नोंदवही. फोन, चाव्या, सुटे पैसे बाहेर ठेवावे लागतात. कपडे साधे घाला. काही ठिकाणी रंगाचेही नियम असतात, ते आधी विचारून घ्या. मुलाखतीची वेळ दहाची दिली तरी बारा वाजतील असं धरून चला. दारावरच्या शिपायाशी नीट बोला, त्याचंही निम्मं आयुष्य त्याच भिंतींच्या आत जातं.

माझ्या पहिल्या मुलाखतीत मध्ये जाळी होती. अलीकडे आम्ही पंधरा-वीस जण, पलीकडे तेवढेच, आणि सगळे एकाच वेळी ओरडून बोलत होते. मी वचन पाठ करून गेलो होतो. समोरचा माणूस मान हलवत होता, त्यामुळे मला वाटलं सगळं पोचतं आहे. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तो जाळीला अगदी चिकटून ओरडला, 'बाहेर पाऊस सुरू झाला का?' माझी उजवी बाही ओली होती. तो सारा वेळ तिच्याकडेच बघत होता.

नियम कितीही फालतू वाटला तरी मोडू नका. 'ही चिठ्ठी तेवढी बाहेर नेऊन द्या' असं कुणी म्हणेल, अगदी आईसाठीची चिठ्ठी असेल, तरी नाही म्हणा. तुम्ही पकडला गेलात तर तुमच्यासोबत मागून येणाऱ्या सगळ्यांचं दार बंद होतं.

बोलायचं काय?

योसेफाने काय विचारलं ते बघा. तो स्वतः कैदी. सकाळी आत आला तर फारोचे दोन अधिकारी खिन्न बसलेले दिसले. 'आज तुमचे चेहरे का उतरले आहेत?' एवढंच त्याने विचारलं. पुढची सगळी कथा त्या प्रश्नातून उलगडत गेली.

तसं काहीतरी साधं विचारा. रात्री झोप लागते का? बराकीत खिडकी कुठल्या बाजूला आहे? लहानपणी कुठला खेळ खेळायचात? गुन्हा काय, हे विचारू नका. तो सांगेल तेव्हा ऐका, पण डोळ्यांत उत्सुकता दिसू देऊ नका, ती आत लगेच ओळखू येते. 'मला तुमची अवस्था कळते' असं म्हणू नका, कारण ती कळत नाही. 'यात देवाची काहीतरी योजना असेल' हे तर मुळीच नको. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोंड उघडल्यावर त्यांनी सगळं बिघडवलं.

आश्वासन फक्त पुढच्या तारखेचं द्या. वकील बघून देतो, जामिनाचं बघतो, साहेबांशी बोलतो, असली वाक्यं जाळीपलीकडे महिनाभर घोळत राहतात.

तो देवाबद्दल कडवट बोलतो. मी काय उत्तर देऊ?

द्यायलाच पाहिजे असं नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तुरुंगातून येशूला निरोप धाडला होता की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहू? ज्याने स्वतःच्या हाताने येशूला बाप्तिस्मा दिला त्याचा हा प्रश्न. येशू त्याच्यावर रागावला नाही. काय दिसतं आणि काय ऐकू येतं ते त्याला जाऊन सांगा, म्हणाला, आणि निरोपे गेल्यावर लोकांपुढे योहानाची स्तुती केली. आत बसलेल्या माणसाला शंका येणारच.

भेटीत शुभवर्तमान सांगायचं की नाही?

विचारलं तर जरूर सांगा. न विचारता सांगताना एवढं ध्यानात ठेवा की समोरच्या माणसाला उठून जाता येत नाही. त्याला भेट हवी असते, कदाचित साबण हवा असतो, म्हणून तो तुमच्या प्रार्थनेला आमेन म्हणतो. अशा आमेनची मोजदाद करून अहवालात लिहिणं मला बरं वाटत नाही.

कैद्यांच्या वागणुकीचे संयुक्त राष्ट्रसंघाचे जे किमान नियम २०१५ साली सुधारून मंजूर झाले आणि ज्यांना नेल्सन मंडेला यांचं नाव दिलं, त्यांतला पासष्टावा नियम मला फार पटतो. कुठल्याही कैद्याला त्याच्या धर्माच्या प्रतिनिधीची भेट नाकारू नये, असं तो सांगतो. आणि कैद्याला धर्मप्रतिनिधीची भेट नको असेल तर त्याच्या मताचा पूर्ण मान राखावा, असंही सांगतो. दुसऱ्या धर्माचा कैदी असेल आणि त्याला त्याचे धर्मगुरू हवे असतील, तर तो निरोप अधिकाऱ्यांपर्यंत पोचवणं हेही आपलं काम. मदत मात्र प्रार्थनेवर अवलंबून ठेवू नये. येशूने बरे केलेल्या दहांपैकी नऊ कुष्ठरोगी आभार न मानताच गेले, त्यांचं बरं होणं येशूने परत घेतलं नाही.

मदत घेताना समोरचा खजील होतो. ते कसं टाळायचं?

यासाठी मी नेहमी एबद-मलेखाची गोष्ट सांगतो. ती यिर्मयाच्या अडतिसाव्या अध्यायात आहे आणि प्रवचनांत फारशी येत नाही. सरदारांनी यिर्मया संदेष्ट्याला एका हौदात सोडलं. पाणी नव्हतं, नुसता चिखल, आणि तो त्यात रुतत गेला. राजवाड्यातल्या एबद-मलेख नावाच्या कूशी माणसाने, म्हणजे एका परदेशी नोकराने, राजाकडे जाऊन परवानगी मिळवली. आता दोर घेऊन पळायला हवं होतं. तो आधी भांडाराखालच्या खोलीत गेला, तिथून जुनेर आणि चिंध्या गोळा केल्या, त्या दोरांनी खाली सोडल्या आणि वरून ओरडून सांगितलं, या काखेत धर आणि मग दोर त्यांवरून घे. म्हातारा उपाशी माणूस वर ओढला जाताना दोर काखेत रुतेल, हे त्याला आधी सुचलं होतं.

मदत करताना त्या चिंध्यांचा विचार करायचा. जुने कपडे द्यायचे असतील तर धुऊन, बटणं लावून, मापाचे द्या. फोटो काढू नका. 'आमच्यातर्फे' असं लिहिलेली पिशवी कुणाच्या हातात देऊ नका. आणि ज्याला मदत करायची त्याला आधी विचारा. इंग्लंडमधल्या तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांनी तिथल्या तान्ह्या मुलांसाठी उबदार कपडे नेले होते. पुढे १८१६ नंतर त्यांनी तिथे मुलांची शाळा आणि बायकांसाठी शिवणकाम सुरू केलं, ते आतल्या स्त्रियांशी बोलून. नियम एकेक करून त्या बायकांपुढे मांडले आणि त्यांचं मत घेतलं. ज्यांना कुणी माणसात धरत नव्हतं त्यांना हात वर करून 'हो' किंवा 'नाही' म्हणायला मिळालं. ऊबदार कपड्यांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

आपल्याला कुणी वापरून घेतलं तर?

घेईल. एकदा तरी घेईलच.

आपल्याला याची सवय जुनी आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक लुसियन ख्रिस्ती लोकांची टर उडवणारा होता. पेरेग्रिनस नावाच्या एका ढोंग्याची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. हा पेरेग्रिनस तुरुंगात पडला तेव्हा पहाटेपासून म्हाताऱ्या विधवा आणि पोरकी मुलं तुरुंगाच्या दाराशी येऊन थांबत. पुढारी मंडळी पहारेकऱ्यांना लाच देऊन त्याच्यासोबत आत झोपत. जेवण आत जाई, दूरच्या शहरांतून माणसं आणि पैसा येई. किती हे भोळे, असं लुसियन म्हणतो. हसण्यासाठी लिहिलेला हा मजकूर वाचताना मला, लाचेचा भाग वगळता, अभिमान वाटतो.

अभिमान वाटला तरी व्यवहार सांभाळा. पैसे एकट्याने, गुपचूप देऊ नका. जे काही द्यायचं ते गटाच्या माहितीने, तुरुंगाच्या रीतसर मार्गाने. घरचा पत्ता, घरातल्यांचे फोटो देऊ नका. आणि मागणारा प्रत्येक जण ढोंगी असतो असंही समजू नका. पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी मागण्यांची यादीच आहे. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर आणच, आणि हिवाळ्यापूर्वी ये. एवढा मोठा प्रेषित, पण त्याला थंडी वाजत होती.

मला जाणं शक्य नाही. घरून काही करता येईल?

पत्र लिहा. माझ्या मते हे सगळ्यात कमी वापरलेलं साधन आहे. भेट वीस मिनिटांत संपते, पत्र उशाखाली राहतं. घड्यांवर फाटेपर्यंत वाचलेली पत्रं मी पाहिली आहेत.

ते कुणीतरी अधिकारी उघडून वाचणार हे गृहीत धरून लिहा. खटल्याबद्दल काही नको. परतीचा पत्ता मंडळीचा द्या. उपदेश चार ओळींच्या वर जाऊ देऊ नका आणि बाकी पान साध्या गोष्टींनी भरा: अंगणातल्या झाडाला पालवी फुटली, शेजारच्या मुलाने सायकल शिकताना गुडघा फोडून घेतला. बाहेरचं जग अजून चालू आहे, हे त्याला कळू द्या. वरती तारीख घाला, आत तारखांना फार किंमत असते. आणि महिन्याला एक लिहायचं ठरवलंत तर महिन्याला एकच लिहा. पहिल्या आठवड्यात चार आणि मग वर्षभर काहीच नाही, याने नुसतंच न लिहिण्यापेक्षा जास्त दुखतं.

पत्रही जमत नसेल तर नाव घेऊन प्रार्थना करा. १८८७ साली फ्रान्समध्ये प्रांझिनी नावाच्या माणसाला तीन खुनांबद्दल मृत्युदंड झाला होता. त्याला पश्चात्ताप नव्हता. चौदा वर्षांची तेरेसा, पुढे लिज्यूची संत तेरेसा म्हणून जग जिला ओळखू लागलं ती, घरी बसून त्याच्यासाठी प्रार्थना करत राहिली. शेवटच्या क्षणी त्याने धर्मगुरूच्या हातातल्या क्रुसाचं चुंबन घेतलं, हे तिने वर्तमानपत्रात वाचलं. ती त्याला कधीच भेटली नव्हती.

एकांतात माणूस देवाकडे वळतो म्हणतात. मग एकांतकोठडीत वाईट काय?

ही चूक आपणच करून बसलो आहोत, म्हणून थोडं लांबून सांगतो.

१८२९ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी हा तुरुंग उघडला. त्यामागे क्वेकर पंथाचे आणि इतर ख्रिस्ती सुधारक होते आणि त्यांचा हेतू मनापासून चांगला होता. तेव्हाच्या तुरुंगांतली मारहाण, दारू आणि गर्दी त्यांना बघवत नव्हती. माणसाला एकटं ठेवलं, हाताशी पवित्र शास्त्र दिलं, वर छतातून उजेड येऊ दिला, की तो अंतर्मुख होईल आणि पश्चात्ताप करेल, अशी कल्पना. पेनिटेन्शियरी या नावातच पश्चात्ताप आहे. कैद्याला कोठडीबाहेर काढताना डोक्यावर टोपडं ओढत, म्हणजे त्याला कुणी दिसू नये आणि त्यालाही कुणी पाहू नये. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स तो तुरुंग बघून आला. हेतू चांगला आहे हे त्याने मान्य केलं, आणि मनावरचा हा छळ शरीराच्या कुठल्याही छळापेक्षा भयंकर आहे असं लिहिलं. ती पद्धत तिथे अधिकृतपणे बंद व्हायला १९१३ उजाडलं.

आजच्या मंडेला नियमांत दिवसाचे बावीस तास किंवा जास्त वेळ, माणसाशी अर्थपूर्ण संपर्क न येऊ देता ठेवणं म्हणजे एकांतकोठडी अशी व्याख्या आहे. सलग पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ असं ठेवायला मनाई आहे.

येशू एकांतात जात असे, पण स्वतःहून, आणि परत येत असे. अटक होणार हे कळल्यावर गेथशेमाने बागेत त्याने तिघा शिष्यांना सोबत नेलं आणि माझ्याबरोबर जागे राहा म्हणून विनवलं. ते झोपले ती गोष्ट वेगळी. त्या रात्री त्यालाही एकटं राहायचं नव्हतं.

तुरुंगात नसलेली, पण एकटी पडलेली माणसं ओळखायची कशी?

ती सांगत नाहीत, त्यामुळे खुणांवरून. जो आधी नियमित येत होता आणि आता येत नाही. आजारी नवऱ्याचं दहा वर्षं करणारी बाई, जिला 'तुझं कसं आहे?' असं कुणीच विचारत नाही. घटस्फोटानंतर मागच्या बाकावर बसून शेवटच्या गाण्याआधी निघून जाणारा माणूस. ज्याचा आजार लोक कुजबुजत सांगतात तो.

एका वृद्ध बाईंकडे मी जात असे. टीव्ही कायम चालू, आवाज बंद. एकदा विचारलं, ऐकू येत नाही का? म्हणाल्या, 'ऐकू येतं. पण आवाज असला की दार वाजलेलं कळायचं नाही.' त्यांचं दार आठवड्यातून एकदा वाजत होतं.

ज्याचं पाणी गुणकारी मानत त्या बेथेस्दा तळ्याकाठी, अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशूने विचारलं, तुला बरं व्हायचं आहे का? त्याने हो किंवा नाही म्हटलंच नाही. मला तळ्यात सोडायला कुणी माणूस नाही, हे त्याचं उत्तर होतं. अडतीस वर्षांत त्याचं दुखणं आजारावरून माणूस नसण्यावर आलं होतं.

लंडनमधले अँग्लिकन धर्मगुरू चाड वाराह यांनी तरुणपणी चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी केला होता. तिला पाळी सुरू झाली, काहीतरी भयंकर रोग जडला असं वाटलं आणि विचारायला कुणी नव्हतं, म्हणून तिने जीव दिला. १९५३ मध्ये त्यांनी हताश माणसांसाठी फोनसेवा सुरू केली, तीच पुढे समॅरिटन्स ही संस्था झाली. भेटायला येणाऱ्यांची रांग लागे. रांगेतल्यांना चहा-कॉफी द्यायला काही साधे स्वयंसेवक ठेवले होते. वाराह यांच्या लक्षात आलं की बरेच जण त्या स्वयंसेवकांशीच बोलून, खुद्द वाराह यांना न भेटता, हलके होऊन परत जात आहेत. तेव्हा त्यांनी ऐकण्याचं काम त्या स्वयंसेवकांवरच सोपवलं. 'मला समुपदेशन येत नाही' म्हणून मागे हटणाऱ्यांना मी हे सांगतो.

कुणी 'आता जगायचं नाही' असं म्हणालं तर?

विषय बदलू नका. 'जीव द्यायचा विचार येतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. तुरुंगात असाल तर तिथून निघण्याआधी अधिकाऱ्याला आणि तिथल्या डॉक्टरला सांगा, बाहेर असाल तर घरच्यांना, डॉक्टरला, आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनला. प्रार्थना कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी झोपू दिलं आणि भाकर-पाणी दिलं. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते फार नंतर.

कैद्याच्या घरच्यांचं काय?

शिक्षा त्यांनाही होते, फक्त तिची तारीख कुठे लिहिलेली नसते. मेरी के बिअर्ड या अमेरिकन बाई स्वतः तुरुंगात होत्या तेव्हा त्यांनी बघितलं की आतल्या आया नाताळात दान आलेले साबण आणि टूथपेस्ट वापरत नाहीत, साठवून ठेवतात आणि मुलं भेटायला आली की त्यांना भेट म्हणून देतात. मुलं ते आनंदाने घेत, कारण ते आईने दिलेलं असे. सुटल्यावर, १९८२ मध्ये, त्यांनी प्रिझन फेलोशिप या तुरुंगसेवा करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेमार्फत कैद्यांच्या मुलांना नाताळच्या भेटी द्यायचा उपक्रम सुरू केला. भेट मुलाला मिळते ती आत असलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या नावाने. देणाऱ्या मंडळीचं नाव मागे राहतं.

मुलाला शाळेत कुणी छळतं का बघा. बायकोला मंडळीत शेजारी बसायला जागा द्या. खरंच एवढंच, शेजारची जागा.

सुटून आलेल्या माणसाला मंडळीत घ्यावं का?

घ्यावं, डोळे उघडे ठेवून. पौलाने अनेसिम या पळून आलेल्या गुलामाला त्याच्या मालकाकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवलं तेव्हा नुसतं 'स्वीकार कर' म्हटलं नाही. त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं स्वतःच्या हाताने लिहिलं. शिफारस करणाऱ्याने भार उचलायचा असतो.

पहिले काही दिवस फार अवघड जातात. कागदपत्रं नाहीत, फोन चालवता येत नाही, रस्ता ओलांडायची भीती वाटते, रात्री झोपायला जागा नाही. पहिल्या दिवशी दारावर कुणीतरी उभं हवं. लहान मुलांशी संबंधित गुन्हा असेल तर मुलांच्या कामापासून त्याला कायम दूर ठेवायचं. हे त्याला स्पष्ट सांगायचं आणि पाळकांसह दोन-तीन जबाबदार माणसांना माहीत असायला हवं. यात दयेला बाधा येत नाही, मुलंही आपलीच आहेत. पण त्याला व्यासपीठावरून लगेच 'साक्ष', म्हणजे आपलं आयुष्य कसं बदललं ते, सांगायला लावू नका. पाहिजे तेव्हा गुन्हेगार म्हणून दाखवता येईल असा माणूस म्हणून तो आलेला नाही. त्याला खुर्च्या मांडायला सांगा, तो मांडेल.

मी थकलो. आता मला जावंसं वाटत नाही.

मग या महिन्यात जाऊ नका, तुमच्याऐवजी कुणी जाईल तेवढं बघा. येशूने शिष्यांना दोघे दोघे पाठवलं त्याला कारण होतं. एकट्याने जाणारा माणूस एक तर मोडतो, नाहीतर आपल्याशिवाय कुणाचं चालत नाही असं त्याला वाटायला लागतं. मला दोन्ही झालं आहे.

भेट संपवताना काय म्हणायचं?

पुढची तारीख. 'येईन पुन्हा कधीतरी' असं नको, वार आणि तारीख सांगा. ती तुमच्या वहीत त्याच्यासमोर लिहा आणि लिहिलेलं त्याला दिसू द्या. जमणार नाही असं नंतर कळलं तर निरोप पाठवा. पौलाने अनेसिफराबद्दल लिहिलं आहे की त्याला माझ्या बेड्यांची लाज वाटली नाही, आणि रोमात आल्यावर त्याने मला कसून शोधून काढलं. एवढ्या मोठ्या शहरात हा कैदी नेमका कुठे आहे, हे त्याला दारोदार विचारावं लागलं असणार. आपल्याकडे निदान पत्ता असतो.